साठीनंतरची सायकल

सायकल ही तरुणांची वस्तू, अशी एक समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. मुलगा हायस्कुलात गेला की सायकल घरात यायची, पुढे नोकरीभर ती उन्हापावसात साथ द्यायची आणि गृहस्थ निवृत्त झाले की एके दिवशी जिन्याखाली जाऊन बसायची. टायर बसत, चेनला गंज चढे आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकीत. "आता या वयात कशाला?" हा प्रश्न इतक्या मायेने विचारला जाई की, त्याला उत्तर देण्याचे धैर्य आजोबांना होत नसे. सायकलबरोबर मात्र आणखीही काही जिन्याखाली जाई. कोणाला न विचारता मंडईत जाणे, आठवण झाली की जुन्या मित्राच्या दारात उभे राहणे, वाचनालयातले पुस्तक स्वतः बदलून आणणे हे सारे हळूहळू मुलासुनेच्या सवडीवर येऊन पडे.

आता विजेची सायकल आली आहे आणि तो जिन्याखालचा प्रश्न पुन्हा वर निघाला आहे. आजोबा दबकत दुकानात जातात. दुकानदार किती किलोमीटर चालेल ते सांगतो, किंमत सांगतो, दिवे लावून दाखवतो. पण आपल्या गुडघ्यांना, कमरेला आणि मनगटांना मानवेल अशी सायकल कोणती, हे सांगणारा तेथे क्वचितच भेटतो. या बाबतीत सर्वांत जाणता सल्लागार आहे तो सायकलचा स्वतःचा दोनशे वर्षांचा इतिहास. तो नीट वाचला तर एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. सायकलवर आलेल्या जवळजवळ प्रत्येक सोयीला धडधाकट माणसे आधी हसली आहेत आणि काही वर्षांनी तीच सोय त्यांनी मुकाट्याने आपल्या सायकलीला बसवून घेतली आहे.

प्रारंभ १८१७ सालापासून करू. जर्मनीतल्या मान्हाइम गावी कार्ल फॉन द्राईस या सरदारपुत्राने एकामागे एक अशी दोन लाकडी चाके जोडून एक यंत्र केले आणि त्या वर्षीच्या १२ जूनला त्यावरून गावाबाहेर फेरफटका मारला. या यंत्राला पॅडल नव्हते. बैठकीवर बसायचे आणि दोन्ही पायांनी आळीपाळीने जमीन मागे रेटायची, एवढाच कारभार. आज हे चित्र पाहून हसू येते, पण एक गोष्ट द्राईसने अगदी बरोबर जाणली होती. बसल्या जागी पाय जमिनीला टेकत असतील तर माणसाला पडण्याचे भय वाटत नाही. हे शहाणपण पुढच्या पिढ्या साफ विसरल्या आणि ते पुन्हा आठवायला त्यांना पाऊणशे वर्षे लागली.

१८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पॅडल बसले. पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा व्हायचा. तेव्हा वेग हवा तर चाक मोठे केले पाहिजे, हे उघड होते. ते इतके मोठे झाले की १८७०च्या सुमारास सायकलस्वार जमिनीपासून हत्तीवरच्या माहुतासारखा उंच बसू लागला. पुढे छातीएवढे चाक आणि मागे ताटलीएवढे! रस्त्यात एखादा धोंडा आला की स्वार हँडलवरून थेट डोक्यावर. हा खेळ चपळ तरुणांचा होता. बायका, वडीलधारी माणसे, वैद्य, पाद्री यांना त्यात जागाच नव्हती.

त्यांच्यासाठी इंग्लंडात कॉव्हेन्ट्री गावच्या कारखानदारांनी तीनचाकी काढली. तोल सांभाळायला नको, उतरताना धांदल नको, हवे तेव्हा थांबावे आणि बसल्या बसल्या विसावा घ्यावा. तरुण मंडळी तिला हसत. पण १८८१ साली साठी ओलांडलेल्या व्हिक्टोरिया राणीने जेम्स स्टार्ली यांच्या बनावटीच्या दोन तीनचाकी मागवल्या आणि 'सॅल्व्हो' नावाची ती गाडी एका रात्रीत 'रॉयल सॅल्व्हो' झाली. राणीच्या दारात उभ्या असलेल्या गाडीला हसणार कोण?

त्याच वर्षी पॅरिसमध्ये गुस्ताव त्रुव्हे नावाच्या कल्पक कारागिराने एक प्रयोग केला. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी आणि छोटीशी विद्युत मोटर घेऊन ती त्याने एका गाडीला जोडली आणि ती गाडी शहराच्या रस्त्यावर चालवून दाखवली. त्याने निवडली होती ती कॉव्हेन्ट्रीचीच तीनचाकी. विजेची सायकल पहिल्यांदा धावली ती अशी, वडीलधाऱ्यांसाठी घडलेल्या गाडीच्या अंगावर बसून. नात्याने पाहिले तर ती मूळची म्हाताऱ्यांच्याच घराण्यातली!

पुढची दहा वर्षे सायकलच्या इतिहासात सुगीची ठरली. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या उंचीची चाके आणि मागच्या चाकाला चेन असलेली 'रोव्हर' काढली. हिला 'सेफ्टी' म्हणजे निर्धोक सायकल म्हणत. उंच चाकावरच्या वीरांना त्या नावातच भित्रेपणाचा वास येई. १८८८ साली बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला दगडी रस्त्यावर हादरे बसतात, हे पाहून त्यांना ती युक्ती सुचली होती. त्या फुगीर टायरांचीही पुष्कळ टवाळी झाली. मात्र १८८९च्या मे महिन्यात विली ह्यूम नावाच्या खेळाडूने त्याच टायरांवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या, तेव्हा हसणारे गप्प झाले. जी सोय अंगाला सुख देण्यासाठी केली, तिनेच वेगही दिला. त्याच सुमारास घोळदार झग्यांसाठी मधली आडवी दांडी काढून टाकलेली लेडीज सायकल आली. तिची थट्टा तर पुढे कैक वर्षे चालू राहिली आणि आपल्याकडेही चालू आहे. तिच्याकडे शेवटी पुन्हा यायचे आहे.

आपल्या मुलखातही हे वारे लवकर पोचले. ज्या वर्षी डनलॉपनी पेटंट घेतले त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे नांगर आणि पंप करणाऱ्या एका मोठ्या उद्योगाचे मूळ त्या दुकानात आहे.

चाके खाली आली आणि त्यांच्याबरोबर सायकल साऱ्या वयांच्या आवाक्यात आली. अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड या १८९२ साली आईच्या मृत्यूने खचून गेल्या होत्या. प्रकृती ढासळली होती. इंग्लंडात एका मैत्रिणीकडे राहायला गेल्या असताना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या. रोज दहापंधरा मिनिटे, असे सुमारे तीन महिने. शिकल्याची हकीकत त्यांनी १८९५ साली पुस्तकरूपाने छापली आणि आपल्या सायकलीचे नाव त्यांनी 'ग्लॅडिस' ठेवले होते. त्याच १८९५ साली मॉस्कोत टॉल्स्टॉय सायकल शिकत होते. त्यांना सदुसष्टावे लागले होते आणि दोनच महिन्यांपूर्वी त्यांचा जेमतेम सात वर्षांचा धाकटा मुलगा गेला होता. एका स्नेह्याने त्यांना या छंदापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण आपल्याला याची लाज वाटत नाही, असे टॉल्स्टॉयनी रोजनिशीत लिहून ठेवले. मॉस्कोतल्या त्यांच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे आणि ती सायकल तेथे जपून ठेवली आहे. दोघांनीही चाकावर पाय ठेवला तो दुःखाच्या दिवसांत. उतारवयात सायकल माणसाला काय देते, याचे उत्तर या दोन उदाहरणांत आहे. ती त्याला घराबाहेर काढते.

आता गिअरची गोष्ट ऐका. एकाच चेनचक्रावर चढही चढायचा आणि सपाटीवरही पळायचे, ही शिक्षा कमी करण्यासाठी फ्रान्समध्ये पॉल द विव्ही या गृहस्थांनी बदलत्या गिअरचा हिरिरीने पुरस्कार केला. १९०२ साली डोंगराळ मुलखात एक चढाओढ झाली आणि तीन गिअरच्या सायकलीवर बसलेल्या मार्त एस या बाईने बिनगिअरच्या पट्टीच्या खेळाडूला मागे टाकले. यावर हेन्री देग्रांज यांनी लिहिले की, गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे. जवानाने आपल्या स्नायूंच्या बळावर जिंकावे. हेच देग्रांज वर्षभरात 'टूर द फ्रान्स' या विख्यात शर्यतीचे जनक झाले आणि त्या शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्राला १९३७ सालापर्यंत मज्जाव राहिला. आज त्याच शर्यतीत बिनगिअरची सायकल घेऊन कोणी उतरला तर लोक त्याला वेडा म्हणतील.

मग एवढ्या सोयी आल्या, तर विजेची सायकल मध्येच कोठे अडली? कल्पना तर केव्हाच तयार होती. अमेरिकेतल्या ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळालेल्या पेटंटात मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवलेली आहे. आजच्या पुष्कळ सायकलींत ती तेथेच असते. १९३०च्या दशकात हॉलंडमध्ये फिलिप्स कंपनीने सायकल कारखानदारांशी भागी करून विजेच्या सायकली बाजारात आणल्या. पण अडचण होती ती वजनाची. शिशाची बॅटरी म्हणजे धोंडाच. तिच्यात साठणाऱ्या विजेतला मोठा वाटा ती स्वतःलाच वाहून नेण्यात खर्ची घाली आणि वाटेत ती संपली की ती अवजड गाडी पायाने रेटणे म्हाताऱ्याला तर दूरच, पैलवानालाही नकोसे होई.

वजनाइतकीच दुसरी चूक म्हणजे बसणाऱ्याला न विचारणे. १९८५च्या जानेवारीत इंग्लंडात सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी 'सी-५' नावाची विजेची तीनचाकी थाटामाटाने बाजारात आणली. बैठक इतकी बुटकी की मोटारींची चाके स्वाराच्या खांद्याशी यायची. वर छप्पर नाही आणि बाहेर थंडीचा कडाका. गाडी हुशारीने बांधलेली होती, पण तीत बसलेल्या माणसाला आपण रस्त्यावर कोणाला दिसतो आहोत असा भरवसाच वाटेना. काही महिन्यांतच तिचे उत्पादन बंद पडले.

याच्या उलट दृष्टी जपानची. १९९३ साली यामाहा कंपनीने 'पास' ही सायकल आणली. तिची खुबी अशी की मोटर आपण होऊन गाडी ओढीत नसे. पॅडलवर पाय किती जोराने पडतो, हे एक संवेदक मोजी आणि त्या मानाने मोटर मदत करी. पायाचा एक वाटा, मोटरचा एक वाटा. ताशी १५ किलोमीटरनंतर ही मदत कमी होत जाई आणि २४ला थांबे. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ती सायकलच राहिली. वडीलधारी माणसे आणि गृहिणी यांना नजरेसमोर ठेवूनच ती घडवली होती. मग नेहमीचाच क्रम घडला. पुढे जपानात लेकरांना पुढेमागे बसवून बालवाडीत पोचवणाऱ्या आयांनी ही सायकल उचलून धरली आणि २००९ साली दोन मुलांना बसवण्याजोग्या खास सायकलींना तेथे रीतसर परवानगीही मिळाली.

वजनाचा धोंडा उतरवला तो लिथियम बॅटरीने. १९९१ साली सोनी कंपनीने ती बाजारात आणली. तेवढीच वीज साठवायला शिशाच्या बॅटरीला साधारण चौपट-पाचपट वजन लागते. या बॅटरीचा पाया घालणाऱ्या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी जॉन गुडइनफ यांचे वय तेव्हा ९७ होते. इतक्या वयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच. म्हाताऱ्यांना पुन्हा सायकलवर बसवणाऱ्या वस्तूच्या जनकांत एक असा वयोवृद्ध असावा, हे शोभण्यासारखे आहे. पुढे ही सायकल युरोपभर पसरली. जर्मनीत २०२३ साली साध्या सायकलींपेक्षा विजेच्या सायकली अधिक विकल्या गेल्या. त्या घेणाऱ्यांत आता कॉलेजकुमारही आहेत. हसण्याचे दिवस तेथे संपले.

आता आपल्या दुकानात येऊ. मोटर नेमकी कशासाठी हवी, हे आधी आकड्यांत पाहा. सायकलसह ९५ किलो वजनाचा गृहस्थ सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने चालला असेल तर त्याला साधारण ५० ते ६० वॉट शक्ती लागते. निरोगी वृद्धाला ती जड नाही. पण शंभर फुटांत पाच फूट चढणारा उड्डाणपूल, रत्नागिरीतला एखादा चढ किंवा पणजीच्या आल्तिनोची वाट समोर आली की ताशी १० किलोमीटरलाही दीडशे वॉट लागतात. साठीच्या माणसाला सायकल सोडायला लावतो तो हा अधिकचा शंभर वॉटचा भार. मोटरने तेवढा उचलला की पुरे. आपल्याकडच्या नियमांनुसार २५० वॉटहून कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाची बॅटरीची दुचाकी मोटार वाहन ठरत नाही; तिला लायसन आणि नंबरपाटी लागत नाही. आजोबांना याहून अधिकाची गरजही नाही.

म्हणून मोटरच्या आधी पाय पाहावा. पहिला प्रश्न द्राईसचा: बैठकीवर बसून पाय जमिनीला टेकतात का? वृद्ध माणूस सायकलवरून पडतो तो पुष्कळदा वेगात असताना नव्हे, तर चढता-उतरताना. म्हणून आडव्या दांडीवरून पाय टाकावा लागणार नाही अशी खालून मोकळी चौकट घ्यावी. तीच ती लेडीज सायकल! साडीला चालते ती धोतराला आणि आखडलेल्या गुडघ्यालाही चालते. "बायकांच्या सायकलवर मी बसू?" असे म्हणणाऱ्या आजोबांना देग्रांजची गोष्ट सांगावी. काही नमुन्यांत पॅडल जरा पुढे सरकवलेले असते, त्यामुळे बैठक बुटकी ठेवूनही गुडघा पुरता उलगडतो. ज्यांचा तोलच जातो त्यांनी संकोच न करता तीनचाकी घ्यावी; मात्र वळणावर ती झुकत नाही, तेव्हा वेग आवरून वळावे.

दुसरी पाहावी ती बैठक आणि हँडल. पाठ ताठ ठेवून बसायचे तर अंगाचा भार सारा बैठकीवर येतो, म्हणून ती रुंद आणि स्प्रिंगची हवी. शर्यतीची अरुंद बैठक ओणव्याने बसणाऱ्यांसाठी असते. हँडल उंच आणि आपल्याकडे वळलेले असावे, म्हणजे मनगटे व मान अवघडत नाहीत. टायर डनलॉपची आठवण ठेवून घ्यावा: जाड, दोन इंचांच्या आसपास. खड्ड्यांतला निम्मा हादरा तोच गिळतो.

तिसरी गोष्ट ब्रेक. बोटे आखडलेल्या माणसाला साधा तारेचा ब्रेक घट्ट दाबणे जड जाते. तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक थोड्या जोरात लागतो. ब्रेक दाबताच मोटर बंद होते की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे.

मोटरची परीक्षा शेवटी. नुसते पॅडल फिरल्याचे ओळखून सुरू होणारी मोटर स्वस्त असते, पण ती क्षणभर उशिराने आणि हिसका देऊन ओढते. पायाचा दाब मोजणारी मोटर जपानी तऱ्हेची. ती पाठीवर कोणी हलकेच हात ठेवावा तशी मदत करते. फक्त सिग्नलला उभे असताना पॅडलवर पाय दाबून ठेवू नये आणि ब्रेक धरून ठेवावा. बॅटरी चौकटीत खाली असेल तर तोल बरा राहतो. मागच्या कॅरिअरवर असेल तर शेपूट जड होते. ती काढून घरात नेऊन भरता आली पाहिजे, कारण पंचवीस किलोची सायकल जिना चढवणे हे आजोबांचे काम नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे: दुकानासमोरच्या सपाटीवर फेरी मारून निर्णय करू नये. जवळचा चढ गाठावा, मध्येच थांबावे आणि तेथून पुन्हा निघून पाहावे.

"मोटर लावली तर व्यायाम कसला?" असा आक्षेप घरात हमखास निघतो. २०१९ साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० ते ८३ वर्षांच्या माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास सायकल चालवायला दिली होती. विचारांची चपळाई आणि मनाची उभारी या बाबतींत विजेच्या सायकलीवर बसलेले साध्या सायकलवाल्यांच्या मागे राहिले नाहीत. मोठा वाटा घराबाहेर पडण्याचाच असावा.

तेव्हा या दिवाळीत आजोबांना किंवा आजींना सायकल घेण्याचा विचार घरात निघालाच, तर दुकानात त्यांना बरोबर न्यावे आणि निवड त्यांच्यावर सोडावी. वर्षअखेर तिच्यावर किती मैल पडले याचा हिशेब कोणी मागू नये. संध्याकाळी ते विचारल्यावाचून मंडईत गेले आणि पिशवीभर ताजी मेथी घेऊन परतले, एवढे दिसले की पैसे वसूल झाले असे समजावे.